‘तोंडात मारणे’ आणि ‘तोंडी लावणे’

नागपूरच्या इतवारीत व्यापार करणारे माझे एक हिंदीभाषक स्नेही मराठी उत्तम बोलतात, पण ‘तोंड’ या शब्दाशी त्यांचे अजून जुळलेले नाही. त्यांनी विचारले आहे की, तोंड म्हणजे मुँह हे ठीक. मग ‘तोंडात मारीन’ म्हणताना मार तोंडाच्या आत कसा जातो, ‘पोळ्याच्या तोंडावर’ म्हणताना पोळ्याला तोंड कुठून येते, आणि मुलाला ‘तोंड आलं’ म्हणतात तेव्हा ते आधी नव्हते काय?

मूळ संस्कृत शब्द ‘तुण्ड’, म्हणजे चोच किंवा प्राण्याचे पुढे आलेले मुस्कट. गणपतीच्या ‘वक्रतुंड’ या नावात तो आजही जसाच्या तसा आहे. मराठीत मात्र तोंड म्हणजे खाण्याबोलण्याचे मुखही आणि अख्खा चेहराही. सकाळी आई ‘तोंड धुऊन ये’ म्हणते तेव्हा दात घासणे आणि डोळ्यांवर पाणी मारणे ही दोन्ही कामे तिला अपेक्षित असतात. नुसती चूळ भरून आलेल्या मुलाला ती परत पाठवते.

‘तोंडात मारणे’ यातले तोंड म्हणजे गालासकट चेहरा. राहिला प्रश्न ‘-त’ या प्रत्ययाचा. फटका जिथे बसतो त्या जागेला मराठी हाच प्रत्यय लावते : पाठीत धपाटा, डोक्यात टपली, कमरेत लाथ. पाठीच्या आत कोणी शिरत नाही, तसेच हे. उलट ‘तोंडावर मारणे’ म्हटले तर बहुधा पैसे किंवा कागद रागाने समोर फेकणे होते, थप्पड नव्हे.

ज्या ठिकाणी आत-बाहेरची वाट उघडते, तेही तोंडच. म्हणून पोत्याला, बरणीला, बोळाला तोंड असते, आणि पिकत आलेल्या गळवाला एके दिवशी तोंड पडते. तिथूनच आरंभाचा अर्थ आला : भांडणाला तोंड फुटते, लढाईला तोंड लागते. 26 नोव्हेंबर 1817 रोजी सीताबर्डीच्या टेकडीपाशी भोसल्यांची फौज आणि कंपनी सरकार यांच्यातल्या लढाईला तोंड लागले, असे आपण सहज लिहितो. पोळ्याचे तोंड ते हेच, सणाच्या दाराशी असलेले. डिसेंबरात ‘अधिवेशनाच्या तोंडावर’ नागपुरातले खड्डे बुजू लागतात, तेव्हाही अधिवेशन सुरू झालेले नसते, उंबरठ्यावर असते. इथे एक गंमत ध्यानात घ्यावी. ‘परीक्षेच्या तोंडावर आजारी पडला’ या वाक्यात तोंड परीक्षेचे आहे, तर ‘परीक्षा तोंडावर आली’ यात ते बिचाऱ्या विद्यार्थ्याचे आहे. काळ मात्र दोन्हीकडे तोच.

स्नेह्यांनी विचारलेली नाही, पण मला सर्वांत आवडते ती जोडी ‘तोंडी लागणे’ आणि ‘तोंडी लावणे’ ही. यातले ‘तोंडी’ म्हणजे तोंडात, तोंडाशी. ‘घरी’, ‘दारी’ यांत दिसणारी जुनी सप्तमी. (‘तोंडी परीक्षा’ मधले ‘तोंडी’ निराळे, ते विशेषण आहे.) ‘लावणे’ हे ‘लागणे’चेच प्रयोजक रूप. व्याकरणाच्या हिशेबाने दोन्ही प्रयोग सख्खे भाऊ ठरतात, पण एकाच्या वाट्याला हुज्जत आली आणि दुसऱ्याच्या वाट्याला चटणी. वडाभातासोबत ‘तोंडी लावायला काय आहे?’ असे विचारणारा माणूस कांदा किंवा ठेचा मागत असतो. आणि ‘कायले त्याच्या तोंडी लागून राह्यला बे?’ असे म्हणणारा नागपूरकर मित्राला भांडणातून ओढून नेत असतो. याच सप्तमीच्या जागी ‘तोंडाला’ची चतुर्थी घातली की अर्थ पुन्हा बदलतो : सावजीचा रस्सा तोंडाला लागतो म्हणजे त्याची चटक लागते. तेव्हा ‘तोंडी’ आणि ‘तोंडाला’ यांची अदलाबदल बेतानेच करावी.

आता शेवटचा प्रश्न. अवयव आणि ‘येणे’ हे क्रियापद मिळून मराठीत दुखणे तयार होते. डोळे येतात म्हणजे लाल होऊन चिकटतात, तोंड येते म्हणजे आतून सोलवटते आणि तिखट घास लागताच डोळ्यांत पाणी उभे राहते. ताप येतो, खोकला येतो, त्याच चालीवर इथे अवयवच दुखण्याच्या जागी बसला आहे. खुद्द हिंदीतही ‘आँख आना’ आणि ‘मुँह आना’ आहेतच, त्यामुळे आमच्या स्नेह्यांनी या बाबतीत मराठीला एकटीला जाब विचारू नये. फक्त औषधाच्या दुकानात प्रत्यय सांभाळावा. ‘तोंड आलंय’ म्हटले की दुकानदार मुकाट्याने गोळ्यांची पट्टी काढून देईल. ‘तोंडात आलंय’ म्हटले, तर तो आधी ‘काय आलंय?’ असे विचारील.