पहिल्यांदाच मुंबईला जातोय, हातात एकच दिवस आहे. काय काय पाहता येईल?

एका दिवसात जुहू, सिद्धिविनायक, हाजी अली असं सगळं उरकायला जाऊ नका. निम्मा दिवस टॅक्सीत जाईल. फक्त दक्षिण मुंबई धरा आणि ती पायी बघा.

सकाळी सीएसएमटीला (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) उतरलात की लगेच टॅक्सी शोधू नका. रस्ता ओलांडून मागे वळून स्टेशनकडे पाहा. वास्तुविशारद फ्रेडरिक स्टीव्हन्सने उभारलेली ही इमारत २००४ पासून जागतिक वारसा आहे. समोरची महापालिकेची इमारतही त्याचीच. तिथून दादाभाई नौरोजी रोडच्या कमानींखालून चालत हुतात्मा चौकात या. फ्लोरा फाउंटनचे फोटो सगळेच काढतात, पण शेजारच्या संयुक्त महाराष्ट्राच्या स्मारकापाशी दोन मिनिटं थांबाच. मराठी माणसाने तरी ते चुकवू नये.

पुढे ओव्हल मैदान, ही माझी सगळ्यात आवडती जागा. मधोमध उभं राहिलं की एका बाजूला राजाबाई टॉवर आणि हायकोर्टाचं एकोणिसाव्या शतकातलं, टोकदार कमानींचं गॉथिक बांधकाम, दुसऱ्या बाजूला विसाव्या शतकातल्या आर्ट डेको शैलीच्या इमारतींच्या गोलसर बाल्कन्या. दोन काळ समोरासमोर!

मग काळा घोडा परिसर, तिथली जहांगीर आर्ट गॅलरी, गेटवे ऑफ इंडिया. गेटवेवरून घारापुरीला (एलिफंटा लेण्यांचं बेट) लाँचने जायला तासभर लागतो, म्हणजे त्यातच अर्धा दिवस जातो. सोमवारी लेणी बंद असतात. लहान मुलं सोबत असतील तर ते पुढच्या खेपेला ठेवा.

सूर्यास्त मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर. परतीची लोकल मात्र संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ टाळा, विशेषतः सामान असेल तर.