विमानाच्या मेंटेनन्ससाठी जर्मनीला यायचंय, तर आधी दोन कागदांतला फरक समजून घे

तू सिन्नरची, बारावी सायन्सनंतर फिटरचा आयटीआय केलेली. एजंट सांगतोय, ‘जर्मनीत साडेतीन वर्षं पगारी शिक्षण आणि मग लगेच विमानाचं लायसन्स.’ घरचे म्हणतायत, भारतातच एएमई, म्हणजे विमान देखभाल अभियंत्याचा कोर्स कर. कोणाचं ऐकू, असं तू विचारलंस. मी ओझरची. 2016 मध्ये हाम्बुर्गला आले, हेच शिक्षण घेतलं आणि आता लायसन्सवर काम करते. म्हणून सविस्तर लिहिते, सावकाश वाच.

एजंटचं अर्धं वाक्य खरं आहे. विमान मेकॅनिकचं शिक्षण इथे आउसबिल्डुंग म्हणून होतं, मुदत साडेतीन वर्षं. कॉलेजला फी भरून प्रवेश घ्यायचा नसतो. कंपनीशी करार होतो, काही आठवडे वर्कशॉप, काही आठवडे व्यवसायशाळा, आणि दर महिन्याला मानधन मिळतं. 2025 साली सुरू झालेल्या शिक्षणासाठी पहिल्या वर्षाचं कायदेशीर किमान मानधन 682 युरो होतं. युनियनचा करार लागू असलेल्या मोठ्या कंपन्या यापेक्षा बरंच जास्त देतात. तरी हाम्बुर्गात भाडं जाऊन हातात फार उरत नाही, घरी पैसे पाठवायचा हिशेब पहिल्या वर्षी धरू नकोस.

आता उरलेलं अर्धं वाक्य. साडेतीन वर्षांनी तुला मिळतं ते व्यवसायाचं प्रमाणपत्र, परीक्षा उद्योग-व्यापार मंडळ घेतं. त्यावर तू विमानावर काम करू शकतेस, पण दुरुस्तीनंतर विमान उडायला मोकळं करण्याची सही करू शकत नाहीस. त्या सहीसाठी युरोपचं पार्ट-66 लायसन्स लागतं आणि ते ब्राउनश्वाइगचं विमान वाहतूक खातं देतं. हे दोन वेगळे कागद आहेत. एजंट ते एकच असल्यासारखे विकतो.

लायसन्सचे प्रकार ए, बी1, बी2, सी असे. आपल्यासारख्या मेकॅनिकल माणसाला जेट विमानांसाठी बी1.1. गणित, भौतिकशास्त्रापासून गॅस टर्बाइन, ह्यूमन फॅक्टर्स (माणसाकडून चुका का होतात तो विषय), कायद्यापर्यंत वेगवेगळे मॉड्यूल, प्रत्येकात किमान 75 टक्के, आणि सगळे दहा वर्षांच्या आत. अभ्यासानं ते निघतात. खरी अट अनुभवाची आहे. पार्ट-147, म्हणजे युरोपच्या नियमांनुसार मान्यता असलेल्या प्रशिक्षण संस्थेचा पूर्ण कोर्स केला तर दोन वर्षं, आपल्यासारखं तांत्रिक शिक्षण ग्राह्य धरलं तर तीन, काहीच नसेल तर पाच वर्षं. आणि हा अनुभव उडणाऱ्या विमानांच्या मेंटेनन्सचा हवा, लॉगबुकात एकेका कामासमोर सही असलेला.

इथेच कितीतरी मुलं फसतात. विमान मेकॅनिकच्या आउसबिल्डुंगमध्ये शाखा असतात: उत्पादन, मेंटेनन्स, इंजिन. हाम्बुर्गात फिंकेनवेर्डरला एअरबसची विमानं जोडली जातात, तिथलं काम उत्तम आहे, पण नवं विमान बांधणं म्हणजे मेंटेनन्स नव्हे. माझ्याबरोबरचा एक मुलगा उत्पादनात शिकला, कारागीर म्हणून माझ्यापेक्षा सरस. लायसन्सची वेळ आली तेव्हा त्याला हँगरमधला अनुभव शून्यापासून गोळा करावा लागला. त्यामुळे मुलाखतीत तू दोनच गोष्टी विचार: माझी शाखा कोणती, आणि मला सेवेतल्या विमानांवर किती काम मिळेल?

शिकताना सुरुवातीचे महिने विमान दिसणारच नाही. कानस दिसेल. मला पोलादाचा एक तुकडा दिला होता, तो घासून सपाट आणि काटकोनात आणायचा. मास्तर सुरीसारख्या धारेची पट्टी त्यावर ठेवून खिडकीकडे धरायचे आणि फटीतून उजेड दिसला की तुकडा परत. माझा नऊ वेळा परत आला. तुझा आयटीआय झालाय, गुण्या आणि व्हर्निअर तुझ्या हातात बसलेत, इथे तू बाकीच्यांच्या पुढे असशील.

मग लॉकिंग वायर. दोन बोल्टना तार अशी बांधायची की एक सैल व्हायला लागला तर तारेनं त्याला घट्ट होण्याच्याच दिशेनं ओढावं. 0.8 मिलिमीटरच्या तारेला इंचात सहा ते आठ पीळ, शेपूट आत वळवलेलं, म्हणजे पुढच्याचा हात कापणार नाही. एकदा सोडलेली तार पुन्हा वापरायची नाही. जानेवारीत उघड्या ॲप्रनवर, म्हणजे विमानं उभी करतात त्या मोकळ्या जागेत, हे हातमोजे काढूनच करावं लागतं.

एका रात्रपाळीत माझ्या पेटीतला स्क्रूड्रायव्हरचा एक बिट सापडेना. पेटीच्या फोममध्ये प्रत्येक हत्याराची जागा कोरलेली असते, ती एक जागा रिकामी. मी लगेच सांगितलं, विमान थांबलं, पॅनेल पुन्हा उघडली, आणि पहाटे तो बिट चाकांच्या कप्प्यात मिळाला. कोणी ओरडलं नाही. लपवलं असतं तर नोकरी गेली असती आणि ते योग्यच झालं असतं. या कामाला स्वभाव लागतो तो हा.

भाषेबद्दल स्पष्ट सांगते. मेंटेनन्स मॅन्युअल इंग्रजीत असतं, पण व्यवसायशाळा, परीक्षा आणि पाळी बदलतानाचं बोलणं जर्मनमध्ये. व्हिसाला जर्मन भाषेची साधारण बी1 पातळी पुरते, वर्गात टिकायला बी2 लागते (लायसन्सच्या बी1, बी2 शी याचा संबंध नाही). पुण्याच्या मॅक्स म्यूलर भवनात किंवा नाशिकमध्ये चांगला शिक्षक गाठून वर्ष-दीड वर्ष नेटानं कर. मोठ्या कंपन्यांचे अर्ज वर्षभर आधी सुरू होतात, ते त्यांच्याच संकेतस्थळावर भरतात आणि त्याला पैसे लागत नाहीत. विमानतळावर काम असेल तर सुरक्षा पडताळणी होते, त्यासाठी भारतातलं पोलीस क्लिअरन्स तयार ठेव.

घरच्यांचं म्हणणंही चुकीचं नाही. डीजीसीएची, म्हणजे भारताच्या विमान वाहतूक खात्याची, परीक्षापद्धत युरोपच्याच धर्तीवर आहे आणि भारतात विमानं वाढतायत. फक्त डीजीसीएचं लायसन्स इथे सरळ बदलून मिळत नाही, हे धरून निर्णय घे. उलट आउसबिल्डुंग पूर्ण केल्यावर नोकरी शोधायला 18 महिन्यांपर्यंत राहता येतं, आणि त्याच क्षेत्रात दोन वर्षं काम झालं की बाकी अटी पूर्ण असतील तर कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. माझं शिक्षण 2020 च्या सुरुवातीला संपलं आणि लगेच कोरोनामुळे विमानं जमिनीवर आली, कित्येक महिने निम्म्याच वेळेचं काम होतं. लायसन्स हातात पडायला 2023 उजाडलं. म्हणजे सात वर्षं. तू सहा तरी धर.

एजंटला अजून पैसे दिले नसशील तर देऊ नकोस. दिले असशील तर त्यानं दाखवलेल्या करारावर कंपनीचं नाव आणि शाखा काय लिहिलीय ते मला कळव, मी वाचून सांगते. आणि आयटीआयची जर्नल्स जपून ठेव, मुलाखतीला मी माझी घेऊन गेले होते.