तीन ग्रुपवर आलं म्हणजे तीन जणांनी सांगितलं का?

प्रश्न: मुलं पळवणारी टोळी आपल्या भागात फिरतेय असा मेसेज परवा एकाच दिवसात मला तीन ठिकाणी आला, सोसायटीच्या ग्रुपवर, माहेरच्या ग्रुपवर आणि मुलाच्या शाळेतल्या पालकांच्या ग्रुपवर. मिस्टर म्हणतात फेक आहे, सोडून दे. पण ही तिन्हीकडची माणसं एकमेकांना ओळखत पण नाहीत, मग खोटं तिन्हीकडे कसं पोचेल? सोबत स्क्रीनशॉट जोडलेत.
– एक वाचक, सांगली

उत्तर: ताई, तुमचे तिन्ही स्क्रीनशॉट शेजारी शेजारी ठेवून बघितले. तिन्हीत 'कृपया'चं 'क्रुपया' झालंय आणि शेवटी हात जोडलेले पण तीनच. तीन वेगळ्या माणसांनी टोळी बघून लिहिलं असतं तर चूक पण सेम टू सेम झाली असती का? सांगणारा एकच आहे हो, फक्त तुमच्याकडे तीन वाटांनी आलाय.

ग्रुप वेगळे दिसतात पण मधे कुणीतरी कॉमन असतंच, सोसायटीतल्या काकू भिशीच्या ग्रुपमध्ये, भिशीतल्या कुणाची नणंद शाळेच्या ग्रुपमध्ये, झालं, पोचला मेसेज. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने हे 1973 मध्येच मांडलं होतं, की नवी खबर जिवलगांपेक्षा ओझरत्या ओळखीतून जास्त येते, कारण जिवलगांना आपल्याला माहीत असतं तेच माहीत असतं. आता गंमत बघा, खबर येते लांबच्याकडून पण विश्वास बसतो मामाने टाकली म्हणून!

आणि हाच मेसेज साधा नाहीये. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला याच अफवेवरून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं, सोलापूरकडचे भिक्षुकी करत फिरणारे बिचारे गोसावी होते ते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली. पुढे दोन बाणांची खूण पण आली, म्हणजे मेसेज निदान पाच हातांतून फिरून आलाय. 2020 पासून तर असा मेसेज एका वेळी एकाच चॅटला जातो. पण लोक काय कमी आहेत, मजकूर कॉपी करून पेस्ट केला की बाण गायब, आणि वाचणाऱ्याला वाटतं मामाने स्वतःच टाइप केलंय. तुमच्या माहेरच्या ग्रुपवर नेमकं हेच झालेलं दिसतंय, बाकी दोन्हीकडे बाण आहेत आणि तिथे नाहीत.

तर खरं की खोटं हे विचारत बसू नका, 'तुला कुणी पाठवलं' एवढंच विचारा. मी एकदा अशीच विचारत गेले होते, ऑफिसमधली मैत्रीण, तिची जाऊ, जावेच्या क्लासच्या बाई करत करत चौथ्या फोनला माझीच मावशी निघाली. तिला विचारलं तर म्हणे, "अगं, मी तर आपल्याच ग्रुपवरून घेतला, मला वाटलं तूच टाकलायस!"