वाचकांचे प्रश्न : सुरुवातीची शस्त्रे खरोखरच दुय्यम असतात का?

प्रश्न : मी महिनाभरापासून 'टीम फोर्ट्रेस २' हा दोन संघांचा नेमबाजीचा संगणकीय खेळ खेळत आहे. समोरच्या संघातील जवळजवळ प्रत्येकाच्या हाती निराळ्या नावाची, काही वेळा सोन्यासारखी चमकणारी शस्त्रे दिसतात. माझ्याकडे मात्र पहिल्या दिवशी मिळालेलीच आहेत. मी बहुधा सोल्जर (रॉकेट डागणारा सैनिक) घेतो आणि संघाला गरज असल्यास मेडिक (साथीदारांना बरे करणारा). प्रथम कोणती शस्त्रे मिळवावीत?

उत्तर : २००७ साली हा खेळ बाजारात आला तेव्हा नऊही क्लासांकडे (खेळाडूला निवडता येणाऱ्या पात्रांकडे) पहिल्या दिवशी मिळणारी हीच शस्त्रे होती आणि खेळाचा सारा तोल त्यांच्यावरच बेतलेला होता. पर्यायी शस्त्रे २००८पासून येऊ लागली, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांची रचना एक गुण वाढवून दुसरा कमी करण्याची आहे. सोनेरी दिसणारी ऑस्ट्रेलियम शस्त्रे किंवा बळींची संख्या मोजणारी स्ट्रेंज शस्त्रे तर केवळ दिखाऊ होत. त्याच जातीच्या साध्या शस्त्रापेक्षा त्यांचा मारा तिळभरही अधिक नसतो.

सोल्जरचेच पाहू. 'डायरेक्ट हिट' या लाँचरचे रॉकेट ८० टक्के अधिक वेगाने जाते आणि २५ टक्के अधिक इजा करते, हे वाचून कोणालाही मोह पडेल; परंतु त्याच्या स्फोटाचा परीघ ७० टक्क्यांनी लहान असतो. शत्रूच्या अंगावर नेम न धरता त्याच्या पायाजवळच्या जमिनीवर रॉकेट मारावे आणि स्फोटाच्या झळीने काम साधावे, हा नवशिक्याचा सर्वांत मोठा आधार आहे, आणि नेमका तोच आधार हे शस्त्र काढून घेते. 'ब्लॅक बॉक्स' मात्र आपण लवकर वापरून पाहण्यास हरकत नाही. त्यात ४ऐवजी ३च रॉकेटे भरता येतात, पण शत्रूला लागलेल्या प्रत्येक रॉकेटमागे २०पर्यंत हेल्थ परत मिळते, आणि ज्या संघात मेडिक नाही तेथे ही भर चांगलीच जाणवते. तरीही पहिले काही आठवडे साधा रॉकेट लाँचर आणि शॉटगन हीच जोडी ठेवावी, असे माझे मत आहे. रॉकेटे एकेक करून भरावी लागतात. चारही संपल्यावर शत्रूसमोर उभे राहून ती भरत बसणे हे नवख्या सोल्जरच्या मरणाचे नेहमीचे कारण असते (आरंभी मीही असाच कितीदा मेलो, त्याची गणती नाही). त्या क्षणी शॉटगन काढण्याची सवय हाताला लागली की 'गनबोट्स' घेण्याचा विचार करावा, कारण ते बूट रॉकेट जंपमध्ये (स्वतःच्या रॉकेटच्या स्फोटाने उंच उडी घेताना) स्वतःला होणारी इजा ६० टक्क्यांनी कमी करतात, पण शॉटगनची जागा अडवतात.

मेडिकच्या बाबतीत साथीदारांना बरे करणारी साधी मेडी गनच ठेवावी. तिचा उबरचार्ज (बरे करता करता भरत जाणारी खास शक्ती) मेडिकला आणि त्याच्या साथीदाराला ८ सेकंद अभेद्य करतो, आणि सेंट्री गनने (आपोआप गोळीबार करणाऱ्या तोफेने) अडवलेली वाट मोकळी करण्याचा तो सर्वांत खात्रीचा उपाय आहे. 'क्रिट्झक्रीग' या पर्यायी मेडी गनचा चार्ज २५ टक्के अधिक वेगाने भरतो, साथीदाराचा प्रत्येक वार क्रिटिकल (नेहमीपेक्षा कितीतरी अधिक इजा करणारा) होतो, परंतु संरक्षण कोणालाच मिळत नाही. त्यामुळे त्याचे यश साथीदाराच्या नेमावर अवलंबून राहते आणि अनोळखी संघात त्या नेमाचा भरवसा धरता येत नाही. मात्र 'उबरसॉ' ही करवत मिळाल्यास अवश्य घ्यावी. ती २० टक्के सावकाश चालते, पण प्रत्येक यशस्वी वारामागे पाव उबरचार्ज भरून देते. साध्या करवतीकडे पुन्हा वळावेसे वाटत नाही, अशा मोजक्या पर्यायांपैकी ती एक आहे.

प्रश्न : माझ्या बॅकपॅकमध्ये (खेळातील वस्तूंच्या साठ्यात) नको असलेली शस्त्रे आणि बंद क्रेट (पेट्या) साठले असून ५० जागा भरत आल्या आहेत. सगळे वितळवून टाकावे का?

उत्तर : सरसकट वितळवू नये. एकाच क्लासची दोन शस्त्रे वितळवल्यावर एक स्क्रॅप (नव्या वस्तू घडवण्यासाठी लागणारा धातू) मिळते, तीन स्क्रॅपचे एक रिक्लेम्ड आणि तीन रिक्लेम्डचे एक रिफाइन्ड होते. म्हणजे एका रिफाइन्डसाठी तब्बल १८ शस्त्रे खर्ची पडतात. म्हणून प्रत्येक शस्त्राचा एक नग राखावा आणि केवळ दुबार आलेले नग वितळवावेत. जी शस्त्रे अचीव्हमेंटचे (खेळात ठरवून दिलेल्या कामगिरीचे) टप्पे गाठल्याबद्दल मिळालेली असतात, ती वितळवताही येत नाहीत आणि कोणाला देताही येत नाहीत. जागा हवी असेल तर ती सरळ काढून टाकावीत. क्रेट उघडण्यासाठी किल्ली विकत घ्यावी लागते, आणि आत काय निघेल हे नशिबावर असते, तेव्हा नवख्याने त्या फंदात पडू नये. आपल्या ५० जागांवरून आपले खाते विनामूल्य असावे असे दिसते. खेळातील दुकानातून एखादी स्वस्तातली वस्तू घेतली तरी खाते प्रीमियम होते आणि जागा ३०० होतात. पैसे खर्च करायचेच असतील, तर किल्लीपेक्षा ते येथे अधिक कारणी लागतील.