फॉर्म्युला वन या मोटार शर्यतींमधल्या सुधारणेच्या पद्धती साध्या धंद्यात खरंच चालतात का?

चालतात, पण लोक उचलतात ते चुकीचं टोक. 2023 मध्ये कतारच्या शर्यतीत मॅक्लारेन संघाने पिट स्टॉपमध्ये, म्हणजे शर्यत चालू असताना गाडी थांबवून, 1.80 सेकंदांत चारही चाकं बदलली, हे ऐकून मालक कामगारांना "हात चालवा" म्हणतो. पिट स्टॉपचा जीव हातांच्या वेगात नाही. प्रत्येकाचं काम, जागा आणि क्रम आधीच ठरलेला असतो, आणि सराव झाला की व्हिडिओ पाहून चुका शोधल्या जातात.

मला सगळ्यात पटलेलं उदाहरण लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या हॉस्पिटलचं. हृदयाच्या ऑपरेशननंतर बाळाला आयसीयूत नेताना नळ्या, मॉनिटर, माहिती सांगणं, सगळं एकाच वेळी चालायचं. डॉक्टरांनी फेरारीच्या पिट टीमचा सल्ला घेतला. मग ठरलं: सूत्रं भूलतज्ज्ञाकडे, आधी यंत्रं जोडायची, त्यानंतरच माहिती द्यायची, शेवटी चर्चा. 2007 साली छापलेल्या अभ्यासात तांत्रिक चुका दर वेळी सरासरी 5.42 वरून 3.15 वर आल्या. वेळही थोडा कमीच लागला, कुणी घाई न करता!

तुमच्या कारखान्यात मशीनचा डाय (साचा) बदलताना मोबाइलवर शूटिंग करा. मशीन चालू असताना उरकता येतील ती कामं (नट-बोल्टचे पाने आणणं, नवा डाय जवळ ठेवणं) वेगळी काढा. जपानचे औद्योगिक अभियंते शिगेओ शिंगो यांची पद्धत हीच. व्हिडिओ कामगारांसोबत बसून बघा, आणि कुणालाही दोष देऊ नका, नाहीतर पुढच्या वेळी खरी अडचण कुणी सांगणार नाही.