वाचकांचे प्रश्न : पोतोसीची ‘मिता’

प्रश्न : स्पेनच्या राज्यात पोतोसीच्या चांदीच्या खाणीत ‘मिता’चे मजूर राबत. पण त्यांना रोख मजुरी मिळत होती, असंही वाचलं. मग तिला वेठबिगारी का म्हणायचं? – एक वाचक, सीताबर्डी, नागपूर

उत्तर : मिता म्हणजे ठरलेल्या प्रांतांनी पाळीपाळीने सक्तीने मजूर पुरवायची पद्धत. मजुरी मिळे, हे खरं. पण नकार द्यायची सोय नव्हती आणि मजुरीत भागतही नसे.

आजच्या बोलिव्हियातला पोतोसीचा डोंगर १५४५ पासून खणला जात होता. वरचा कसदार दगड संपत आला, पुढे पाऱ्याने चांदी वेगळी करायची रीत आली, आणि हलका दगडही उपसणं परवडू लागलं. त्यासाठी माणसं हजारोंनी लागली. व्हाइसरॉय फ्रान्सिस्को दे तोलेदो याने १५७३ च्या सुमारास मिताची घडी बसवली. पेरूतल्या कुस्को शहराच्या दक्षिणेपासूनच्या डोंगराळ मुलखातल्या सोळा-सतरा प्रांतांनी १८ ते ५० वयाच्या करदात्या पुरुषांपैकी साधारण सातवा हिस्सा दरवर्षी पाठवायचा. एकूण आकडा साडेतेरा हजारांच्या आसपास. त्यांच्या तीन पाळ्या : एक आठवडा काम, दोन आठवडे मोकळे.

खाणीतल्या माणसाला दिवसाला साडेतीन रेआल मिळत. आठ रेआलचा एक पेसो. वर्षातले १७ आठवडे आणि आठवड्याचे पाच दिवस धरले, तर हाती येतात जेमतेम ३७ पेसो. त्यात बायकामुलांसह वर्ष काढायचं, वर सरकारी करही भरायचा. पोतोसी चार हजार मीटर उंचीवर; धान्य सगळं बाहेरून यायचं आणि महाग पडायचं. म्हणून ‘मोकळ्या’ आठवड्यांत हाच माणूस ‘मिंगा’ म्हणजे खुला मजूर होऊन, जास्त दराने, पुन्हा खाणीतच उतरे. तितिकाका सरोवराकाठच्या चुकुइतोहून पोतोसी गाठायलाच दोनेक महिने लागत. वाटखर्च देण्याचा हुकूम होता. तो बहुतेकदा बुडवला जाई.

कामाची तऱ्हा होसे दे आकोस्ता या जेझुइट पाद्र्याने १५९० मध्ये लिहून ठेवली आहे. पिळलेल्या चामड्याच्या शिड्या, त्यांना लाकडी पायऱ्या. सुमारे २३ किलो दगड घोंगडीत भरून पाठीवर, गाठ छातीशी. तिघंतिघं चढत, पुढच्याच्या अंगठ्याला मेणबत्ती बांधलेली, कारण दोन्ही हात शिडीला गुंतलेले. पुढेपुढे मालक हजेरीऐवजी खेपा मोजू लागले. नेमलेल्या खेपा भरल्या नाहीत की मजुरी कापली जाई, मग माणूस रात्रीही खाली थांबे. कागदावरचा साडेतीन रेआलचा दर मात्र जसाच्या तसा.

सक्तीचा खरा खिळा ‘कुराका’पाशी ठोकलेला होता. कुराका म्हणजे गावचा वंशपरंपरागत प्रमुख. माणसं पुरवायची हमी त्याच्यावर. जितकी कमी पडतील, तितक्यांच्या बदली मिंगा लावण्याचे पैसे त्याने आणून द्यायचे. नाही जमलं तर मारहाण, तुरुंग, मालमत्तेवर टाच. आणि ते पैसे घेऊन मालक बदली माणूस लावेच असं नाही. काहींच्या खाणी जवळपास ओसाड होत्या, तरी हक्काच्या माणसांची रोकड दर आठवड्याला खिशात पडत होती. अशा कागदी मजुरांना तिथे ‘खिशातले इंडियन’ म्हणत (इंडियन म्हणजे तिथले मूळ रहिवासी). आमच्या मते सगळ्या व्यवस्थेचं पितळ इथे उघडं पडतं : चांदी निघो न निघो, वसुली चालूच.

प्रश्न : एन्कोमिएंदा म्हणजे आपल्याकडची मालगुजारीच ना? – एक विद्यार्थिनी, महाल, नागपूर

उत्तर : नाही. नोट्समध्ये ही गल्लत सर्रास दिसते. मध्य प्रांतात इंग्रजांनी मालगुजाराला गावाच्या जमिनीची मालकी दिली. एन्कोमेंदेरोला, म्हणजे एन्कोमिएंदा मिळालेल्या वसाहतवाल्याला, जमीन मिळत नसे. ठरावीक लोकांकडून कर आणि सुरुवातीला श्रम घ्यायचा हक्क मिळे, बदल्यात त्यांना ख्रिस्ती धर्म शिकवायचा. स्पेनच्या राजाच्या १५४२ च्या ‘नव्या कायद्यां’नी हा हक्क वारशाने जाऊ नये असं ठरवलं, तर पेरूत वसाहतवाल्यांनी बंड करून १५४६ मध्ये व्हाइसरॉयलाच ठार केलं. वारशाची अट राजाने त्याआधीच, १५४५ मध्ये, मागे घेतली होती. एन्कोमिएंदातली वेठ १५४९ च्या हुकुमाने बंद केली. मात्र सरकारने स्वतः वाटून द्यायची सक्तीची मजुरी चालू राहिली, आणि मिता त्याच जातीची.

प्रश्न : लोक पळून कसे गेले नाहीत? – एक वाचक, इतवारी, नागपूर

उत्तर : गेले की, फार मोठ्या संख्येने. आपलं गाव सोडून परक्या गावात राहणाऱ्याला ‘फोरास्तेरो’ म्हणत आणि त्याला मिता लागू नसे. पण गाव रिकामं झालं तरी त्याचा कोटा लगेच उतरत नसे. त्यामुळे मागे राहिलेल्याची पाळी सात वर्षांनी यायच्या ऐवजी तीन-चार वर्षांतच, कुठे त्याहूनही लवकर येई. ते पाहून आणखी माणसं पळत. १६८० च्या दशकात व्हाइसरॉय ला पालाताने शिरगणती करून फोरास्तेरोंनाही मितात ओढायचा घाट घातला. तो अंगाशी आला. १६९२ मध्ये पुढच्या व्हाइसरॉयने कोटाच सुमारे चार हजारांवर आणला. मिता कायद्याने रद्द झाली ती १८१२ मध्ये, स्पेनमधल्या कादिसच्या संसदेत.