मोझीपासून सुरुवात कर

प्रिय मित्रा,

चिनी तत्त्वज्ञान वाचायचं तर लाओत्से आधी घेऊ की कन्फ्यूशियस, असं तू विचारलंयस. पण युद्धाच्या बातम्यांनी तुला झोप लागत नाही, हेही त्याच पत्रात आहे. म्हणून मी तिसरंच नाव सुचवतो: मोझी. कन्फ्यूशियसच्या मागोमाग, इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात तो होऊन गेला. तो कारागिरांमधून आला असावा, असं अनेक अभ्यासकांना वाटतं. तू स्थापत्य शिकतोयस, तुझं त्याच्याशी जमेल.

त्याचा युक्तिवाद असा. दुसऱ्याच्या बागेतली फळं चोरणाऱ्याला आपण चोर म्हणतो. गुरं पळवली तर गुन्हा आणखी मोठा. एक खून केला तर देहदंड, दहा केले तर अपराध दसपट. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत असतं. मग कोणी अख्ख्या राज्यावर चाल करून गेलं की तीच शहाणी माणसं वाहवा करतात आणि त्या पराक्रमाच्या नोंदी पुढच्या पिढ्यांसाठी लिहून ठेवतात. हे कसं?

नुसता सात्त्विक संताप असता तर मी तुला मोझी सुचवला नसता. तो हिशेब मांडायला बसतो. वसंतात मोहीम काढली तर पेरणी बुडते, शरदात काढली तर कापणी. बाण, तंबू, रथ किती गेले आणि परत किती आले? वाटेत उपासमारीने, आजाराने किती मेले? आता २४ फेब्रुवारी २०२२ आठव. रशियाने युक्रेनवर हल्ला केला तो वसंतातल्या पेरणीच्या तोंडावर. शेतांत सुरुंग आले, काळ्या समुद्रातली बंदरं अडली. आपल्याकडे येणारं सूर्यफूल तेल तोवर मुख्यतः युक्रेनचं असायचं, त्यामुळे त्याची झळ आपल्या फोडणीपर्यंत पोचली. नकाशावर कोण किती पुढे सरकलं, एवढंच बातम्या पाहताना बघू नकोस. पेरणीचं काय झालं तेही शोध.

आता त्याच्या ग्रंथातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट. चू हे बलाढ्य राज्य सोंग या छोट्या राज्यावर चालून जाणार होतं. गोंगशू बान या कुशल कारागिराने तटावर चढायच्या उंच शिड्या तयार केल्या होत्या. मोझीला कळलं तसा तो दहा दिवस, दहा रात्री चालत चूच्या राजधानीत पोचला. राजासमोर त्याने कमरेचा पट्टा सोडून जमिनीवर मांडला: हा तट. लाकडाचे तुकडे ही यंत्रं. गोंगशू बानने नऊ प्रकारे हल्ला केला, मोझीने नऊही वेळा परतवला. एकाची यंत्रं संपली, दुसऱ्याकडे उपाय शिल्लक होते. मला मारून उपयोग नाही, असंही त्याने राजाला सुनावलं. चिन गूलीसह माझे तीनशे शिष्य बचावाची साधनं घेऊन आधीच सोंगच्या तटावर उभे आहेत. राजाने बेत सोडला.

त्या शिष्यांचं काम किती बारकाईचं होतं, ते ग्रंथातल्या बचावाच्या प्रकरणांत दिसतं. शत्रू तटाखालून भुयार खणतोय का, हे ओळखायला आतल्या बाजूने विहिरी खणायच्या, त्यांत मोठे रांजण ठेवायचे, तोंडावर पातळ कातडं ताणायचं आणि तिखट कानाचा माणूस ऐकायला बसवायचा. भुयाराची दिशा कळली की समोरून आपलं भुयार खणायचं आणि भात्याने धूर सोडायचा. शांततेची तळमळ आणि रांजणावर कातडं ताणायचं कसब एकाच माणसांत होतं. तुझ्या तळमळीबद्दल मला शंका नाही. पण युद्धात पाण्याच्या वाहिन्या, पूल, निवारे मोडतात, आणि ते उभे करणं तुझ्याच विषयात येतं. तो विषय नीट शीक. परीक्षेपुरता शिकू नकोस.

ग्रुपवर येणाऱ्या दाव्यांसाठीही त्याच्याकडे तीन कसोट्या आहेत. पूर्वीच्या चांगल्या राज्यकर्त्यांच्या कृतीत याला आधार आहे का? लोकांनी हे डोळ्यांनी पाहिलं, कानांनी ऐकलं आहे का? आणि कारभारात आणलं तर लोकांचं भलं होतं का? मधली कसोटी जपून वापर. तिच्याच जोरावर मोझीने भुतं आहेत असं ठरवलं, कारण पुष्कळांनी ती पाहिली होती! तिसरी मात्र मला फार मोलाची वाटते.

संगीताला त्याने केलेला विरोध मला मुळीच पटत नाही. राजे लोकांना पिळून वाद्यवृंद पोसत, हा त्याचा राग खरा. पण राबणाऱ्या माणसालाही गाणं लागतं, हे त्याने पाहायला हवं होतं.

आता कामाचं. आक्रमणाविरुद्धची तीन प्रकरणं या आठवड्यात वाच. मग सध्या चालू असलेलं कुठलंही एक युद्ध निवड आणि मोझीसारखा त्याचा हिशेब एका कागदावर मांड: पेरणी, पाणी, शाळा, दवाखाने. प्रत्येक आकड्यापुढे तो कुठून मिळाला ते लिही, आणि जिथे मिळाला नाही तिथे जागा कोरी सोड. कागद मला पाठव, आपण त्या कोऱ्या जागांपासून बोलायला लागू.

सस्नेह,
तुझा सर